आबांची ट्रॉली

प्रस्तावना



ट्रॅक्टरच्या मागे जोडलेली लोखंडी ट्रॉली तुम्ही पाहिलेली असेलच. ऊस, धान्य, शेणखत, विटा, वाळू अशी जड ओझी वाहून नेण्यासाठी देशभर तिचा उपयोग होतो. तिला स्वतःचे यंत्र नसते. ट्रॅक्टर ओढील तिकडे ती जाते, म्हणून तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. ट्रॅक्टर घरात वाढलेल्या मुलासारखा पुसला-धुतला जातो आणि ट्रॉली मात्र बाराही महिने उघड्यावर उभी असते.

अशाच एका जुन्या ट्रॉलीच्या दुरुस्तीची हकिकत या पाठात सांगितली आहे. दुरुस्तीचे काम एखाद्या मोठ्या कारखान्यात झालेले नाही. ते गोठ्यालगतच्या पडवीत घरच्याच माणसांनी केले. तुमच्यापैकी काही जण वेल्डिंगच्या दुकानात, गॅरेजमध्ये किंवा शेतावर काम करत असतील. त्यांना या पाठातील पुष्कळ गोष्टी लेखिकेपेक्षा अधिक ठाऊक असतील. त्यांनी पाठ वाचताना आपल्या अनुभवाशी तो ताडून पाहावा.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला एखाद्या कामाची कृती क्रमाने व नेमक्या शब्दांत सांगता येईल. केलेल्या कृतीमागचे कारण ओळखता येईल. इतर भाषांतून आलेले शब्द मराठीत कसे चालतात हे समजेल. आणि स्वतः केलेल्या एखाद्या दुरुस्तीचे वर्णन लिहिता येईल.

मूळ पाठ

सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठापासून अर्ध्या कोसावर माझे माहेर आहे. हा ऊसकऱ्यांचा मुलूख. लोखंडाशीही त्याचे नाते जुने आहे. १९०३ साली लोखंडी नांगर तयार करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये ज्या ओसाड माळावर आपला कारखाना वसवला, ती किर्लोस्करवाडी याच तालुक्यात आहे. आमच्या लहानपणी गावातील म्हातारी माणसे चांगल्या लोखंडाची परीक्षा बोटाच्या टिचकीने करीत. त्यांना हे कोणी शिकवले, हे मी कधी विचारले नाही.

आमच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, १९८६ साली दोन चाकांची एक ट्रॉली विकत घेतली. तोपर्यंत घरचा ऊस बैलगाडीने कारखान्यावर जात असे. ट्रॉली आली तेव्हा आईने चाकांवर पाणी घालून तिला हळद-कुंकू लावले होते. पुढे कित्येक वर्षे त्या ट्रॉलीने ऊस वाहिला, शेणखत वाहिले, घराच्या विटा वाहिल्या. आबा गेले आणि त्यानंतर ती परसातल्या कडुलिंबाखाली उभी राहिली. पाने तिच्यात पडत, पावसाचे पाणी साचे, कोंबड्या तिच्याखाली अंडी घालीत.

२०१९ च्या मे महिन्यात मी सुट्टीसाठी माहेरी गेले, तेव्हा दारात भंगारवाला उभा होता. ट्रॉलीचे वजन टनाच्या आसपास भरेल, किलोला वीस रुपये देतो, असे तो म्हणत होता. म्हणजे वीस हजार रुपये. नवी ट्रॉली त्या वेळी दीड लाखाच्या पुढे होती. थोरल्या भावाने, आमच्या दादाने, त्याला चहा पाजला आणि वाटेला लावले.

“दादा, ठेवून तरी काय करणार आहेस?” मी विचारले.

“अगं, आधी बघू तरी दे तिला झालंय काय. न बघताच मोडीत कशी काढायची?”

दादाची कार्यशाळा म्हणजे गोठ्यालगतची पडवी. तिच्यात एक वेल्डिंग मशीन, एक ग्राइंडर, पान्यांची पेटी, दोन जॅक आणि भिंतीला टांगलेले निरनिराळ्या मापांचे लोखंडी तुकडे एवढाच संसार. हाताखाली दादाचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या. दहावीत दोनदा नापास झाल्यामुळे त्याची शाळा सुटली होती आणि घरात त्याच्याविषयी बोलताना आवाज खाली येत असे. मी शिक्षिका, त्यामुळे माझ्यासमोर तर तो जास्तच गप्प राही.

पहिले दोन दिवस नुसती धुलाई झाली. साचलेली माती खरवडली, पाण्याचा फवारा मारला, ऊन दिले. मग दादाने पुतण्याच्या हाती एक लहान हातोडी दिली आणि सगळ्या चौकटीवर वीतभर अंतराने ठोके मारीत जायला सांगितले. जिथे लोखंड धड होते तिथे ‘ठण्’ असा स्वच्छ आवाज येई. जिथे ते आतून खाल्लेले होते तिथे ‘थप्’ असा मेलेला आवाज येई आणि गंजाचे पापुद्रे गळून पडत. पुतण्या अशा प्रत्येक जागी फुली मारीत गेला. फुल्यांसाठी खडू माझ्या पिशवीतला होता.

गंज म्हणजे लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू यांचा संयोग, एवढे आपण शाळेत शिकतो. पण गंजाला जागा जास्त लागते, हे मी पडवीत शिकले. ज्या लोखंडातून गंज तयार होतो, त्याच्या कितीतरी पट तो फुगतो. दोन पत्रे एकमेकांवर बसवलेले असले आणि मध्ये पाणी शिरले, की हा फुगणारा गंज त्यांना पाचरीसारखा दूर सारतो. शिवाय तो सच्छिद्र असतो. त्यामुळे तो पाणी धरून ठेवतो आणि खालचे लोखंड आणखी गंजत राहते. गंजावर रंग दिला तर चार महिने दिसायला बरे दिसते आणि आत काम चालूच राहते. शेणखत आणि रासायनिक खते वाहणाऱ्या ट्रॉलीत तर हे फारच लवकर घडते, कारण खतातील क्षार ओलावा ओढून घेतात. आमच्या ट्रॉलीचा तळ चारही कोपऱ्यांत कुजला होता आणि मधोमध मात्र शाबूत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवून लवंडले असता पुतण्या हळूच माझ्याजवळ आला.

“आत्या, जरा चल ना. दांडीजवळ काहीतरी आहे. पप्पांना लगेच सांगू नको, चूक असली तर ओरडतील.”

ज्या जाड लोखंडी दांडीने ट्रॉली ट्रॅक्टरला जोडली जाते, ती चौकटीला जिथे मिळते त्या सांध्याशी तो मला घेऊन गेला. तिथे रंगाचे जाड थर होते. ठोक्याचा आवाजही वाईट नव्हता. पण रंगावर केसाएवढी एक रेघ होती आणि तिच्यातून गंजाचे तांबूस पाणी ओघळून वाळले होते. मला तो रंगाला गेलेला तडा वाटला. “रंग तडकला तर आतून गंज कसा येईल?” तो म्हणाला. त्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. आम्ही दादाला उठवले.

दादाने रंग खरवडला. खाली एक जुने वेल्डिंग होते, बेढब आणि फुगीर. त्याच्या कडेने ती रेघ पुढे गेली होती. किती पुढे, ते डोळ्यांना कळत नव्हते. मग दादाने त्या जागी रॉकेल लावले, थोडा वेळ मुरू दिले आणि फडक्याने कोरडे पुसून काढले. वर माझा खडू कुटून त्याची पूड फासली. पाच-सात मिनिटांत पांढऱ्या पुडीवर एक ओली काळसर रेघ उमटली. तड्यात शिरलेले रॉकेल खडूने शोषून वर ओढले होते. रेघ चार बोटे लांब होती. म्हणजे दांडीच्या रुंदीचा अर्ध्याहून अधिक भाग तुटलेलाच होता.

कुणी काही बोलले नाही. मला १९९३ चा हंगाम आठवला. त्या वर्षी मागच्या बाजूला जास्त ऊस भरला गेला होता. दोन चाकांच्या ट्रॉलीत ओझे पुढच्या अंगाला किंचित जास्त असावे लागते, तरच दांडी ट्रॅक्टरवर दाबून राहते. ओझे मागे गेले की दांडी वर उचलू पाहते. त्या दिवशी चढावर नेमके तेच झाले. जोडाच्या पिनेला खालून लावायची आकडी कुठेतरी हरवली होती आणि आबांनी “आज जाऊ दे” म्हणून तसेच चालवले होते. दांडी उचलली, तिच्याबरोबर पिन वर आली आणि ट्रॉली मागच्या अंगावर धाडकन बसली. आबांचा भाऊ, आमचे अण्णाकाका, ट्रॉलीच्या मागून चालत होते. ते चप्पल तुटली म्हणून वीस पावले मागे थांबले होते, एवढ्यावर वाचले. पुढे गावातच त्या दांडीला वेल्डिंग मारून घेतले आणि वर रंग दिला. ते बेढब वेल्डिंग हेच. सव्वीस वर्षे आम्ही त्याच्या भरवशावर होतो.

दादा पत्र्याचे वेल्डिंग उत्तम करतो. पण दांडीपाशी आल्यावर त्याने ग्राइंडर खाली ठेवला. “हे माझ्या हातचं नाही,” तो म्हणाला आणि तालुक्याच्या गावाहून एका जुन्या मिस्त्रींना बोलावून आणले. मला त्या आठवड्यातले सर्वांत अवघड काम हेच वाटते. घरात साधने आहेत, हाताला सवय आहे, पैसा वाचवायचा आहे आणि तरी माणसाने थांबायचे.

मिस्त्री साठीच्या पुढचे. त्यांनी आधी तड्याच्या दोन्ही टोकांच्या किंचित पुढे एकेक बारीक भोक पाडले. तड्याचे टोक अणकुचीदार असते, सगळा ताण तिथे एकवटतो आणि तडा पुढे सरकतो. टोक गोल भोकात संपले की ताण पसरतो. मग जुने वेल्डिंग पूर्ण काढून तडा मुळापर्यंत कोरला. रॉकेलचा अंशही राहू नये म्हणून जागा पुन्हा पुन्हा पुसून कोरडी केली. वेल्डिंगच्या कांड्या त्यांनी नव्या, सीलबंद पुड्यातल्याच घेतल्या. दमट कांडीने केलेला सांधा वरून चांगला दिसतो आणि आतून ठिसूळ होतो, असे ते म्हणाले. एकेक थर घालून, प्रत्येक थरावरची मळी घासून काढून त्यांनी ती खाच भरली. पुतण्याने पाण्याची बादली पुढे सरकवली तेव्हा ते त्याच्यावर डाफरले, “पाणी घालायचं नाही लेका! आपोआप निवू दे. घाईनं निववलं तर पुन्हा तडकंल.”

त्यावर मजबुतीसाठी त्यांनी एक जाड पट्टी बसवली. ती चौकोनी नव्हती, दोन्ही टोकांना निमुळती होती. पुतण्याने कारण विचारले. पट्टीची कड दांडीला सरळ आडवी आली, तर त्या आडव्या रेषेवरच पुढे ती मोडते. कड तिरपी असली की भार हळूहळू एका लोखंडातून दुसऱ्यात जातो. मिस्त्रींनी हे सांगताना शब्द फार थोडे वापरले. दोन बोटे आडवी धरून दाखवली, मग तिरपी धरून दाखवली. दांडीच्या टोकाची कडीही झिजून लांबट झाली होती. ती कापून नवी बसवली, आणि पिनेला नवी आकडी साखळीने कायमची अडकवून टाकली, म्हणजे ‘हरवली’ म्हणायला जागा नको.

चाकांचे काम दादाने स्वतः केले. जॅकने ट्रॉली उचलली. पण नुसत्या जॅकवर तो कधीच विसंबत नाही. आसाखाली बाभळीचे जाड ओंडके सरकवल्याशिवाय त्याने कुणालाही खाली वाकू दिले नाही. चाके उतरवून हब उघडले तेव्हा आतले ग्रीस डांबरासारखे काळे झाले होते. डाव्या चाकाच्या बेअरिंगचे रोलर खवल्यांसारखे खडबडीत झाले होते. ती बेअरिंग तिच्या बाहेरच्या कडीसकट बदलली, कारण नवे रोलर जुन्या खडबडीत कडीत घातले तर तेही लवकर झिजतात. नवे ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगच्या एका कडेने दाबत राहायचे, दुसऱ्या कडेने ते बाहेर डोकावेपर्यंत. हे काम मी केले. शेवटी चाक फिरवत फिरवत नट आवळायचा, चाक जड लागले की तो किंचित सैल सोडायचा आणि फुटीची पिन घालून अडकवायचा. नट फार आवळला तर बेअरिंग तापते. फार सैल राहिला तर चाक डुगडुगते. ही ‘किंचित’ किती ते पुतण्याच्या हाताला दुसऱ्याच चाकाला कळले. मला शेवटपर्यंत कळले नाही.

तळाचा कुजलेला पत्रा कापून नवा घालणे हे लांबचलचक पण साधे काम होते. त्यात सांगण्यासारखी गोष्ट एकच. चारही कोपऱ्यांत दादाने पाणी निघून जाण्यासाठी भोके ठेवली. मूळ ट्रॉलीला ती नव्हती, म्हणूनच तर कोपरे कुजले. चौकटीवर ठोकलेल्या क्रमांकाभोवती त्याने आधीच खडूचे रिंगण काढले होते. तिथे ग्राइंडर लावायचा नव्हता. ट्रॉलीचीही स्वतंत्र नोंदणी असते आणि तो क्रमांक पुसला तर तिची ओळखच पुसते.

फाळक्यांवरून मात्र बापलेकांची चांगलीच जुंपली. पुतण्याचे म्हणणे, एवढे करतोच आहोत तर फाळके हातभर उंच करू, म्हणजे एका खेपेत जास्त माल जाईल.

“आणि चाकं?” दादाने विचारले.

“चाकं हीच.”

“आस?”

“हाच.”

“मग ओझं कशावर वाढवतोस? या ट्रॉलीला ब्रेक नाही. उतारावर ती ट्रॅक्टरला मागून ढकलते. तू ट्रॅक्टरवर बसलेला असशील, मी नाही.” दादाचा आवाज चढला होता. फाळके होते त्याच उंचीचे राहिले. कारखान्याचा ऊस या ट्रॉलीने न्यायचा नाही, ती शेतापुरती आणि गावापुरतीच, असेही त्याने त्याच दिवशी ठरवून टाकले. वाहनाच्या मूळ बांधणीत मनाला येईल तसा बदल करायला कायद्याचीही परवानगी नाही, हे मी म्हणणार होते, पण त्याची गरज उरली नव्हती.

रंगाचे काम शेवटी आले. मागच्या फाळक्यावर आबांनी गावातल्या पेंटरकडून आईचे नाव लिहून घेतले होते. अक्षरे वळणदार होती, ‘ई’च्या डोक्यावर एक फूल होते. ती अक्षरे राहावीत असे मला फार वाटत होते. पण रंगाखालून गंज सुटला होता आणि तो अक्षरांखालीच सर्वांत जास्त होता. पुतण्याने वर्तमानपत्राचा कागद लावून अक्षरे पेन्सिलीने उतरवून घेतली आणि मग स्वतःच तारेच्या ब्रशने ती घासून काढली. मी त्या वेळी घरात जाऊन बसले. रेड ऑक्साइडचे दोन हात, वर निळ्या रंगाचे दोन हात आणि त्यावर कागदावरून उतरवलेले आईचे नाव. फूल थोडे वाकडे आले. पुढे पांढऱ्या, बाजूंना पिवळ्या आणि मागे लाल अशा चमकणाऱ्या परावर्तक पट्ट्या लावल्या. हंगामात रात्रीच्या अंधारात रस्त्याकडेला उभी असलेली ट्रॉली न दिसल्याने किती दुचाकीस्वार आदळतात, हे आमच्या भागात कुणाला सांगावे लागत नाही.

टायर सोडून खर्च अठ्ठावीस हजार रुपये झाला आणि बावीस दिवस लागले. भंगाराचे वीस हजार हातचे गेले, ते वेगळेच. सुट्टी संपली, मी परतले.

त्याच वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कृष्णा आणि वारणा या नद्यांना महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आमच्या गावाच्या खालच्या आळीत पहाटे पाणी शिरले. दादाने ट्रॉली जोडली. ट्रॉलीत माणसे बसवायची नाहीत, ती मालासाठी असते, हा त्याचा कडक नियम. लग्नाच्या वऱ्हाडाला त्याने दोनदा तोंडावर नकार दिलेला आहे. त्या दिवशी त्याने म्हाताऱ्यांना आणि लेकुरवाळ्या बायकांना तळावर खाली बसवले, कुणालाही फाळक्यावर बसू दिले नाही, पुतण्याला गुडघाभर पाण्यात काठी टेकत रस्ता चाचपण्यासाठी पुढे चालवले आणि पहिल्या गिअरमध्ये माळावरच्या शाळेपर्यंत सात खेपा केल्या. नंतरच्या खेपांत वासरे, कडबा आणि धान्याची पोती आली. फोनवर हे सांगताना तो मध्येच थांबला. “चार बोटं होती ना गं ती रेघ?” एवढेच त्याने विचारले.

पूर ओसरल्यावर आठ दिवसांनी मी गेले. घराच्या भिंतींना छातीएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ होती. पडवीत ट्रॉली ओंडक्यांवर उचललेली होती आणि दोन्ही चाके उतरवलेली होती. पुराचे पाणी हबमध्ये शिरले होते. तीन महिन्यांपूर्वी मी माझ्या तळहाताने भरलेले ग्रीस दुधावरच्या सायीसारखे पांढरट झाले होते. पुतण्या ते रॉकेलने धुऊन काढत होता. मला पाहून त्याने डबा पुढे केला.

“आत्या, हात रिकामा आहे ना?”

शब्दार्थ

मुलूख – प्रदेश. परस – घराच्या मागची मोकळी जागा. मोडीत काढणे – निरुपयोगी ठरवून टाकून देणे किंवा विकणे. पापुद्रा – पातळ थर. सच्छिद्र – बारीक छिद्रे असलेले. फाळका – ट्रॉलीची किंवा मालगाडीची उघडता येणारी बाजू. आस – ज्याच्या टोकांवर चाके फिरतात तो दांडा. निमुळती – टोकाकडे अरुंद होत गेलेली. डाफरणे – रागावून ओरडणे. परावर्तक – पडलेला प्रकाश परत फेकणारा. वऱ्हाड – लग्नासाठी जाणारी मंडळी. कडबा – ज्वारीची वाळलेली ताटे, गुरांचा चारा.

समजून घेऊ या

या पाठात दुरुस्तीची कृती आणि घराची गोष्ट एकमेकींत मिसळलेल्या आहेत. तड्याचा शोध लागतो तेव्हा लेखिका लगेच उपाय सांगत नाही, आधी १९९३ मधील प्रसंग सांगते. तो प्रसंग मध्ये आल्यामुळे पुढच्या दुरुस्तीला किती महत्त्व आहे हे वाचकाला कळते. ‘सव्वीस वर्षे आम्ही त्याच्या भरवशावर होतो’ या वाक्यात कुठेही भीती हा शब्द नाही. तरी भीती जाणवते. पाठाच्या शेवटी दादा फोनवर विचारतो त्या प्रश्नातही असेच झाले आहे. तो प्रश्न पुन्हा एकदा वाचून पाहा.

पात्रांच्या बोलण्याकडेही लक्ष द्या. निवेदनाची भाषा प्रमाण मराठी आहे, पण मिस्त्री ‘निवू दे’, ‘तडकंल’ असे आपल्या बोलीत बोलतात. पुतण्या आत्याला ‘तू’ म्हणतो आणि वडिलांविषयी ‘ओरडतील’ असे आदरार्थी बोलतो. नात्यातील जवळीक आणि धाक या दोन्ही गोष्टी क्रियापदाच्या रूपांवरून कळतात.

आता शब्दांविषयी. बैलगाडीच्या चाकाचा मधला लाकडी गड्डा म्हणजे ‘तुंबा’, त्यातून निघणारे दांडे म्हणजे ‘आरे’, चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी म्हणजे ‘धाव’ आणि आसाला घालायचे ते ‘वंगण’. ट्रॉली आली तेव्हा तुंब्याच्या जागी हब, धावेच्या जागी टायर आणि वंगणाच्या जागी ग्रीस आले. ‘आस’ मात्र अजून टिकून आहे. नवे शब्द आले तरी ते मराठीच्या नियमांनीच चालू लागले. आपण ‘ती ट्रॉली’, ‘तो नट’, ‘ते ग्रीस’ म्हणतो, म्हणजे प्रत्येकाला लिंग मिळाले. ‘ट्रॉली’चे अनेकवचन ‘ट्रॉल्या’ होते, ‘पिन’ला विभक्ती लागली की ‘पिनेला’ होते. उसना शब्द भाषेत किती रुळला आहे, हे अशा रूपांवरून ओळखता येते.

‘दुरुस्ती’, ‘डागडुजी’ आणि ‘जीर्णोद्धार’ हे शब्द जवळचे असले तरी सारखे नाहीत. वरवरची किरकोळ दुरुस्ती ती डागडुजी. जीर्णोद्धार (जीर्ण + उद्धार) हा शब्द बहुधा देवळासारख्या पूज्य वास्तूसाठी योजला जातो. १९९३ मध्ये दांडीला झाली ती डागडुजी होती, असे म्हटले तर चालेल.

पाठगत प्रश्न

१. पुतण्याने ट्रॉलीवर कोठे कोठे फुल्या मारल्या व कशावरून?

२. दांडीवरची रेघ म्हणजे नुसता रंगाचा तडा नव्हे, हे पुतण्याने कसे ओळखले?

३. तड्याची खरी लांबी शोधण्यासाठी दादाने काय केले? ती कृती क्रमाने लिहा.

४. १९९३ मधील अपघाताची दोन कारणे सांगा.

५. ‘हे माझ्या हातचं नाही’ असे दादा कोणत्या प्रसंगी म्हणाला? त्या वेळी लेखिकेला काय वाटले?

स्वाध्याय

१. फाळके उंच करण्याविषयी पुतण्याचे म्हणणे व दादाचे उत्तर तुमच्या शब्दांत लिहा. तुम्ही दादाच्या जागी असता तर काय ठरवले असते?

२. आईचे नाव घासून काढले जात असताना लेखिका घरात जाऊन बसली. असे का झाले असावे?

३. पुराच्या दिवशी दादाने स्वतःचा नियम मोडला, पण काही गोष्टींची काळजी तरीही घेतली. त्या कोणत्या?

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : संसाराचा गाडा ओढणे, कामाला खीळ बसणे, मोडीत काढणे, भरवशावर असणे.

५. ‘बोल्ट’, ‘टायर’, ‘बेअरिंग’, ‘मशीन’ या शब्दांची लिंगे व अनेकवचने लिहा. तुमच्या भागात यांपैकी एखाद्या शब्दाचे रूप वेगळे असल्यास तेही लिहा.

६. तुम्ही स्वतः केलेल्या किंवा जवळून पाहिलेल्या एखाद्या दुरुस्तीचे (सायकल, शिलाईयंत्र, हातपंप, छप्पर इत्यादी) वर्णन पंधरा ते वीस ओळींत लिहा. दोष कसा सापडला, हे आधी सांगा. दुरुस्ती करणाऱ्या व्यक्तीच्या तोंडची किमान दोन वाक्ये तिच्याच बोलीत द्या.